शीघ्र हस्तक्षेप: निर्णय कोणाच्या सहीने? (पार्श्वभूमी)

बाळ मान धरत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, हे घरातल्या आजीला, आशाला किंवा अंगणवाडी सेविकेला डॉक्टरांच्या आधी कळलेले असते. त्या बाळाला शीघ्र हस्तक्षेप, म्हणजे फिजिओथेरपी, श्रवणचाचणी किंवा पायाचे प्लास्टर यांसारखी लहानपणीच सुरू होणारी सेवा, मिळायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हता. तो आधी समाजकल्याणकडे होता, मग आरोग्याकडे आला. मराठवाड्यात आजही तो अनेकदा एका कागदापाशी अडतो.

२०१३ पूर्वीचे थोडक्यात. अपंग मुलांच्या अनुदानित निवासी शाळा समाजकल्याण विभागाच्या मान्यतेवर चालत आणि प्रवेश वयाच्या सहाव्या वर्षानंतर मिळे. जन्मतः बहिरे मूल शाळेत पोहोचेपर्यंत भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातची गेलेली असत. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पुस्ती जोडून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. वार्षिक तपासणी कलम २५ मध्ये आहे आणि तिथे कुवतीची अट नाही. पुनर्वसनाच्या कलम २७ मध्ये मात्र ती अट कायम आहे. म्हणजे दोष शोधणे बंधनकारक, त्यावरची सेवा ऐपतीप्रमाणे. मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ वयाचाच. सहाच्या आतले मूल या दोन कलमांच्या फटीत राहते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि निर्णयाची जागा बदलली. गावोगाव फिरणाऱ्या तपासणी पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. यादीत ३० आजार व दोष. पथकाला संशय आला की चिठ्ठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, अशी रचना. कागदावर ही रचना उत्तम आहे. तज्ज्ञाचे एक पद रिकामे राहिले तरी साखळी तुटते. वाचा-श्रवणतज्ज्ञ नसेल तर निदान झालेल्या मुलाला थेरपी द्यायला कोणी उरत नाही.

बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, कारखान्याकडे निघतो आणि फाल्गुन-चैत्रात परततो. पथकाची एक फेरी त्या काळात पडली की मूल कारखान्याच्या तळावर आणि नाव गावच्या हजेरीत. वर्षाच्या दोन तपासण्यांपैकी एक तशीच बुडते.

खरा घोळ प्रमाणपत्राचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय बाकीचे कळत नाही. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या उपचाराला अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही. पथकाची चिठ्ठी पुरते. पण एसटीची सवलत, निरामय विमा, एडिप या केंद्राच्या योजनेतले साहाय्यक साहित्य या सगळ्यांना प्रमाणपत्र लागते, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर किमान ४० टक्के अपंगत्व असावे लागते. आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याला यायचे तर भाडे कुठून आणायचे? म्हणून पालक आधी टक्क्यांच्या मागे लागतात, प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या ठरावीक वाराची वाट पाहतात, आणि थेरपी मागे पडते. खिडकीवरचा कर्मचारीही ‘आधी सर्टिफिकेट आणा’ म्हणून मोकळा होतो. नियम तसा नाही, वहिवाट तशी पडली आहे.

त्यात निदानाच्या शब्दाची भर. जानेवारी २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवले की बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र द्यावे. मात्र पाच वर्षांपर्यंत निदान ‘जीडीडी’, म्हणजे सर्वांगीण विकासातला विलंब, असेच लिहायचे. ‘बौद्धिक अक्षमता’ हे पाचानंतर. हेतू चांगला होता: कोवळ्या वयात कायमचा शिक्का बसू नये. पण ‘विलंब’ हा शब्द घरी पोहोचला की त्याचा अर्थ ‘उशीर’ होतो. ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत घर वाट पाहते. आमच्या मते इथे शब्दाने मुलाचे नुकसान केले. जीडीडी लिहिताना त्याच कागदावर ‘थेरपी आजपासून’ असे ठळक लिहिणे सक्तीचे हवे होते. ‘हस्तक्षेप’ या शब्दानेही मदत केलेली नाही. मराठीत हस्तक्षेप म्हणजे नको तिथे घातलेला हात.

काही दोषांना बोर्डाच्या वाराची वाट पाहणे परवडतच नाही. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासावा लागतो. २८ आठवड्यांच्या आतले असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ विसाव्या दिवशी नवजात कक्षातून घरी जाते, डिस्चार्ज कार्डावर नेत्रतपासणीची तारीख नसते, आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. वाकड्या पायाला दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा. बहुतेकांत मग टाचेमागची दोरी छोट्या शस्त्रक्रियेने सैल करून आणखी तीन आठवड्यांचे प्लास्टर. नंतर बूट-पट्टी तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फक्त झोपेत. पाय सरळ दिसला म्हणून पट्टी सोडली की तो पुन्हा वळतो. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी एडिपमधल्या कॉक्लिअर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनाची) वयोमर्यादाच पाच वर्षे.

जिल्ह्याचे ठिकाण हा निकषही वादाचा आहे. आष्टीकराला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ, पण चिठ्ठी बीडची. किनवटहून नांदेड म्हणजे येण्याजाण्यात दिवस गेला. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी १४ शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली, त्यातले एकही मराठवाड्यात नाही. नांदेडकर सिकंदराबादची गाडी धरतात. राज्यात २०२२च्या अखेरीस दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, तरी सहाच्या आतल्या मुलाची तपासणी आरोग्याकडे, अंगणवाडी महिला-बालविकासकडे, शाळा तिसऱ्याकडे, ही वाटणी तशीच राहिली.

प्रमाणपत्र नाकारले तर २०१६च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. महिन्यात थेरपीची किती सत्रे द्यायची, हे ठरवणाऱ्या निर्णयाविरुद्ध तशी वाट कायद्यात नाही. त्या निर्णयावर पालकांची सही घेणेही बंधनकारक नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर झाली. तीत सेविकेने लक्षणे ओळखायची, कुटुंबाला धीर द्यायचा, आशा आणि पथकामार्फत पुढे पाठवायचे. सेविकेची नोंद आता अधिकृत आहे. पथकाची पुढची फेरी येईपर्यंत मूल अंगणवाडीत बसू शकते, आणि त्यासाठी कोणतेही टक्के लागत नाहीत.