स्प्लिट (युनिक्स आज्ञा)

मोठ्या फाइलचे लहान तुकडे पाडणारी, टर्मिनलवर टाइप करून चालवायची आज्ञा. १९७३ मधल्या युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती आहे. लिनक्सवर सहसा मिळणारी स्प्लिट ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोअरयुटिल्स या आज्ञांच्या संचातली असून ती तॉर्ब्यॉर्न ग्रानलुंड आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिली.

फाइलच्या पोटात काय आहे याच्याशी स्प्लिटला काही देणेघेणे नसते. ती फक्त ओळी किंवा बाइट मोजते आणि कापते. नुसते फाइलचे नाव दिले तर दर १,००० ओळींना एक तुकडा पडतो. म्हणजे २,५०० ओळींच्या फाइलचे एक्सएए, एक्सएबी आणि एक्सएसी असे तीन तुकडे होतात, शेवटच्यात ५०० ओळी. मूळ फाइल जागच्या जागी राहते, त्यामुळे डिस्कवर तेवढीच आणखी जागा लागते. हे बहुधा डिस्क भरत आल्यावरच आठवते.

ओळींची संख्या ‘एल’ या पर्यायाने बदलता येते, बाइटचे माप ‘बी’ने देतात. या मापांत एक खोच आहे: ग्नूच्या स्प्लिटमध्ये नुसता ‘एम’ म्हणजे १०,४८,५७६ बाइट, तर ‘एमबी’ म्हणजे नेमके १० लाख. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही म्हणून कोणी ‘४जी’चे तुकडे पाडले, तर तेही मावत नाहीत. तिथली कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे आणि ‘४जी’ त्याहून बरोबर एका बाइटने मोठा. अशा वेळी ‘४०००एम’ द्यावे, वाद मिटतो.

बाइट मोजून कापताना ओळ मध्येच तुटते, अक्षरसुद्धा. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘क’ तीन बाइटचा असतो. सुरी त्यातल्या दुसऱ्यानंतर फिरली, तर दोन्ही तुकड्यांच्या कडेला चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. घाबरण्याचे कारण नाही, तुकडे जोडले की अक्षर पूर्ववत होते. तुकडे स्वतंत्रपणे वाचायचे असतील तर मात्र मोठ्या लिपीतला ‘सी’ हा पर्याय वापरावा. तो ठरलेल्या मापात मावतील तितक्या अख्ख्या ओळी भरतो. सीएसव्ही फाइलची (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या तक्त्याची) शीर्षकाची ओळ फक्त पहिल्या तुकड्यात राहते, ती बाकीच्यांना हातानेच लावावी लागते.

जोडण्याचे काम कॅट ही आज्ञा करते. ‘एक्स’पुढे तारांकन दिले की शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, तुकडे वर्णक्रमाने लावून देतो, आणि खरी फसगत इथेच होते. आधीच्या खेपेला बारा तुकडे पडले होते, यंदा नऊच पडले, तर जुने उरलेले तीनही निमूटपणे शेवटी चिकटतात. मधला एखादा गहाळ असला तरी कॅट तक्रार करत नाही. म्हणून दर वेळी तुकड्यांच्या नावाला ‘एक्स’ऐवजी स्वतःचा उपसर्ग द्यावा आणि जोडलेल्या फाइलचा शा२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) मूळ फाइलच्या ठशाशी ताडून पाहावा.

नावाच्या अखेरीस येणाऱ्या दोन अक्षरांच्या शेपटीत २६ गुणिले २६ म्हणजे ६७६ नावे होतात. जुन्या आवृत्त्या तिथे अडत. आताची ग्नू शेपटी आपोआप लांबवते. ‘डी’ दिल्यास अक्षरांऐवजी ००, ०१ असे अंक येतात.

प्रकरणाचे नाव किंवा तारीख दिसेल तिथेच कापायचे असेल, तर सीस्प्लिट ही वेगळी आज्ञा आहे.