पाहुण्यांचं कोल्हापूर आणि सव्वा तासाची शिल्लक

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मोबाईलवर एक चित्र फिरायला लागतं: ‘एका दिवसात कोल्हापूर, १५ ठिकाणं’. अंबाबाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत सगळं त्यात कोंबलेलं असतं. मिसळ, तांबडा-पांढरा, खासबागेची भेळ, न्यू पॅलेस, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, चप्पल लाईन. पुण्या-मुंबईचे पाहुणे ते चित्र आपल्याला पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो, “यात जवळचा रूट कुठला पडेल?” हा प्रश्न गणितात फार प्रतिष्ठेचा आहे. कोल्हापुरात मात्र तो जवळजवळ बिनकामाचा आहे.

आधी प्रतिष्ठेचं बघू. स्टेशनवर उतरलो, १५ ठिकाणं फिरलो, परत स्टेशनवर आलो. ही ठिकाणं किती वेगवेगळ्या क्रमांनी फिरता येतील? पहिल्यासाठी १५ पर्याय, दुसऱ्यासाठी १४, तिसऱ्यासाठी १३. सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर येतं १ लाख ३० हजार कोटींच्या वर. सेकंदाला एक क्रम तपासत बसलात तर ४१ हजार वर्षं लागतील. हाच तो फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न. १९५४ साली डँझिग, फुल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा शोधून दाखवला, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली.

आता बिनकामाचं का, ते सांगतो. त्यासाठी कोल्हापुरातून थेट बंगालमधल्या तागाच्या शेतात जावं लागेल. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस तिथे पिकाच्या क्षेत्राची पाहणी आखत होते. गावोगाव विखुरलेले नमुने गोळा करायला माणसं पाठवायची, तर त्यांच्या फिरण्याचा खर्च किती येणार, हा त्यांचा अगदी व्यवहारी प्रश्न होता. १९४० च्या सुमारास त्यांनी मांडलं की फिरण्याचं अंतर ठिकाणांच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. याची काटेकोर सिद्धता १९५९ मध्ये बियर्डवुड, हॉल्टन आणि हॅमर्सली यांनी दिली. ठिकाणांची संख्या गुणिले क्षेत्रफळ, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला साधारण ०.७१ ने गुणायचं.

रंकाळा ते रेल्वे स्टेशन आणि खासबाग ते न्यू पॅलेस असा पाहुण्यांचा पट्टा १२ चौरस किलोमीटरचा धरू, आणि ठिकाणंही १२. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, वर्गमूळ १२, गुणिले ०.७१ म्हणजे साडेआठ किलोमीटर. सूत्र खरं तर खूप ठिकाणांसाठी आहे आणि आपले रस्तेही सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून दीडपट धरा. तरी १३ किलोमीटरच्या आतबाहेर. ठिकाणं दुप्पट केलीत तरी अंतर दीडपटसुद्धा होत नाही. रिक्षावाल्याला ‘जवळच्या रस्त्यानं घ्या’ म्हणून हुज्जत घालायची, ती जेमतेम तीनचार किलोमीटरच्या फरकासाठी.

दिवस जातो तो रस्त्यात जात नाही, घड्याळात जातो. मिसळीचा कट संपला की त्या हॉटेलात तुमचं काम संपलं. न्यू पॅलेसचं संग्रहालय उघडायची एक वेळ आहे. खानावळ बारानंतर आणि तीनच्या आत. सूर्य कुणासाठी थांबत नाही. परतीची गाडीही थांबत नाही. प्रत्येक ठिकाणाला अशी एक खिडकी असते: अमक्या वेळेआधी जाऊन उपयोग नाही, तमक्यानंतर प्रवेश नाही. खिडक्या आल्या की सर्वांत छोटा फेरा सुंदर असूनही निरुपयोगी ठरतो, कारण तो पहाटे पाचला तुम्हाला टाऊन हॉल संग्रहालयाच्या बंद दारापाशी नेऊन उभा करू शकतो.

खिडक्यांचं हे गणित मला फार आवडतं, म्हणून ते जरा सावकाश करू. कागद-पेन घेतलंत तर बरं. नोव्हेंबरातला दिवस धरू, सूर्यास्त ६ वाजता. बाकीच्या वेळा उदाहरणापुरत्या आहेत, निघताना फोन करून विचारा. दोन ठिकाणांच्या मध्ये सरसकट १५ मिनिटं.

आधी सकाळकडून संध्याकाळकडे चला. ८:३० ला मिसळ, पाऊण तास. ९:३० ला न्यू पॅलेस, पण ते १० ला उघडतं, म्हणून अर्धा तास बाहेर थांबा. तिथे सव्वा तास. ११:३० ला खानावळीपाशी, पण ताट १२ ला लागतं, पुन्हा अर्धा तास थांबा. १ ला उठलात. १:१५ ला टाऊन हॉल, एक तास. २:३० ला अंबाबाईच्या दर्शनाला, रांगेसकट दीड तास. ४:१५ ला रंकाळा. तिथे सूर्यास्तासाठी ५:३० पर्यंत पोचलं तरी चालतं.

आता उलटे या, संध्याकाळकडून सकाळकडे. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त किती उशिरा पोचलो तरी रंकाळा चुकणार नाही? रंकाळ्यावर ५:३०. म्हणजे दर्शनाच्या रांगेत ३:४५ ला. टाऊन हॉलला २:३० ला. जेवायला १:१५ ला. न्यू पॅलेसला ११:४५ ला. मिसळीला १०:४५ ला.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करा. मिसळीपाशी सव्वादोन तास शिल्लक आहेत. न्यू पॅलेसपाशी, दार उघडल्यापासून मोजून, पावणेदोन. जेवणापाशी, ताट लागल्यापासून मोजून, सव्वा तास, टाऊन हॉलपाशी सव्वा तास, दर्शनापाशीही सव्वा तास. शिल्लक सकाळी जास्त आणि पुढे कमी का? कारण सकाळचा उशीर वाटेत मुरतो. मिसळीला अर्धा तास उशीर झाला तर न्यू पॅलेसच्या दारात थांबायचा अर्धा तास तेवढा वाचतो. पुढचा अर्धा तास खानावळीच्या दारात मुरतो. त्यानंतर थांबणं कुठेच नाही, त्यामुळे मिनिटाचा उशीर हा थेट रंकाळ्यावर मिनिटाचा उशीर.

आणि इथेच हुशार माणसंही फसतात. जेवणाला सव्वा तास शिल्लक, टाऊन हॉलला सव्वा तास, दर्शनाला सव्वा तास; म्हणजे एकूण पावणेचार तास मोकळे, असं वाटतं. ते तसं नाही. एकत्र कुटुंबाच्या पेटीसारखा तो एकच सव्वा तास आहे. जेवणानंतर बडीशेप चघळत चाळीस मिनिटं काढलीत, तर टाऊन हॉल आणि दर्शनाच्या वाट्याला मिळून पस्तीसच उरतात. खासबागेत भेळ खायची तर अर्धा तास याच पेटीतून. चप्पल लाईनमध्ये घासाघीस करायची तर पाऊण तास याच पेटीतून. दोन्ही केलंत की पेटी रिकामी, आणि मग एक बंद पडलेली रिक्षा पुरे.

हेच पुढे-मागे चालणं १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या बांधकामांच्या आणि कारखान्यांच्या वेळापत्रकांत आलं, क्रिटिकल पाथ मेथड या नावानं. मालाच्या गाड्या फिरवणाऱ्या संगणक-आज्ञावलीसुद्धा मधे एखादं नवं ठिकाण घालायचं की नाही, हे याच शिल्लकीवरून क्षणात ठरवतात. अशा आज्ञावली आणखी एक शालेय युक्ती वापरतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, म्हणून जो फेरा नकाशावर स्वतःलाच छेदतो तो कधीच सर्वांत छोटा नसतो. छेद सोडवला की तो आखडतो. पण छेद सोडवताना फेऱ्याचा एक तुकडा उलट्या दिशेनं फिरवावा लागतो. खिडक्या असल्या की ते अंगाशी येतं, कारण तुकडा उलटला की जेवण आधी आणि मिसळ नंतर! मोबाईलवरचे ‘स्मार्ट’ प्रवास नियोजक झोकात नकाशे काढून देतात. त्यातल्या प्रत्येक ठिकाणाची बंद होण्याची वेळ एकदा स्वतः तपासा, मगच कौतुक करा.

आपल्या कागदातला खरा दोष वेगळाच आहे. सर्वांत बेभरवशाची गोष्ट, म्हणजे दर्शनाची रांग, आपण नेमकी अशा जागी ठेवली आहे जिथे उशीर मुरायला जागा नाही. रांग किती वेळ खाणार हे मोजता येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम तुमच्या खिशातल्या घड्याळावर चालतो: पुढची माणसं भागिले मिनिटाला सरकणारी माणसं. पुढे ४०० जण आणि मिनिटाला ८ आत जात असतील, तर ५० मिनिटं. पण हे रांगेत उभं राहिल्यावर कळणार. म्हणून रांग सकाळी ठेवा.

गाडीतून उतरून ७:४५ ला दर्शन, ९:३० ला मिसळ, १०:३० ला न्यू पॅलेस, १२ ला जेवण, १:१५ ला टाऊन हॉल, २:३० ला रंकाळा. ठिकाणं तीच, आणि शिल्लक सव्वा तासावरून तीन तास झाली! पाऊण तास लवकर सुरुवात केली म्हणून मिळाला, आणि दारांत उभं राहण्यात जाणारा एक तास दर्शनानं गिळला.

फक्त मिसळ आणि ताट यांच्यातलं अंतर कमी झालं, त्याकडे बघा. जठरालाही खिडकी असते. तेलकट, चरबीयुक्त अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, आणि तर्रीदार कटानंतर दोन तासांत मटणाचं ताट म्हणजे पैसे वाया. मिसळ एकात दोघांनी खा. तिखट लागलंच तर पाणी ढोसू नका, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्निग्धात विरघळतं, म्हणून दूध चालतं. मात्र संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध ‘अमृत’ म्हणून पाहुण्यांच्या पोरांना पाजतात, ते मला पटत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. उकळल्यानं त्यातली ताकद मरते हा समज आहे. मरतात ते जंतू.

तीन तास मोकळे झाले की प्रत्येकाला पन्हाळा आठवतो. पन्हाळा वीसेक किलोमीटर, जायला पाऊण, यायला पाऊण, वर निदान दोन तास. एकूण साडेतीन. टाऊन हॉलमधून २:१५ ला निघालात, ३ ला वर, ५ ला खाली उतरायला सुरुवात, ५:४५ ला रंकाळा. पंधरा मिनिटं उशीर.

आता काहीतरी सोडावं लागणार. टाऊन हॉल सोडला तर १ ला जेवून थेट पन्हाळा आणि ४:३० ला रंकाळा. एक तास शिल्लक. मी हे करणार नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठापर्यंत भूमध्य समुद्राचा व्यापार पोचला होता, याचा तो पुरावा आहे. असल्या उत्खननाच्या वस्तू ज्या इमारतीत ठेवल्या आहेत, ती सेल्फीपॉइंटसाठी सोडायची? त्यापेक्षा अटच हलवा. सूर्य पन्हाळ्यावरूनही मावळतो. तटावर थांबून तो बघा आणि सातच्या सुमारास शहरात या.

एक सूर्यास्त मात्र असा आहे की तो कुठे हलवता येत नाही. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख आहे. परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात; हाच किरणोत्सव. सूर्य खाली जातो तसा झोत आडवा होत जातो आणि मूर्तीवर पायांकडून वर सरकतो. दरवर्षी या सुमारास ‘विज्ञानालाही न उलगडलेला चमत्कार’ असा मजकूर फिरतो. उलगडलेला आहे, आणि ज्यांनी मंदिराचा अक्ष आखला त्यांना तो पक्का माहीत होता. १० नोव्हेंबर २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. दक्षिणायनाच्या टोकाकडे जाताना आणि तिथून परतताना सूर्य एकाच जागेवरून जातो. कोल्हापूरच्या अक्षांशावर तेव्हा तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. मावळतीची जागा रोज पाव अंशापेक्षा थोडी जास्त सरकते आणि सूर्यबिंब स्वतः अर्ध्या अंशाचं, त्यामुळे एवढ्या लांब, अरुंद वाटेतून झोत दोन-तीन दिवसच आत राहतो. चमत्कार म्हणून हात जोडण्यात त्या स्थपतींचं श्रेय जातं, हे लक्षात येत नाही.

दोन्ही वेळा सूर्य एकाच जागी मावळतो, पण एकाच वेळी नाही. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्याचं मध्यान्ह घड्याळाच्या मागे-पुढे होत राहतं. नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत साडेतेरा मिनिटं मागे. बेरीज साधारण अर्धा तास. किरणोत्सवाला जायचं तर त्या दिवशी गर्दीत आधीच जागा धरावी लागते आणि पन्हाळा विसरायचा. पण किरणोत्सव आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी आलात, तर आपल्या कागदावरची शेवटची अट ५:३० वरून ६ ला जाते. टाऊन हॉल आणि पन्हाळा दोन्ही करून तुम्ही ५:४५ ला रंकाळ्यावर पोचता, तेही पंधरा मिनिटं हातात ठेवून.