घेवड्याच्या बियांचा रंग नेमका कधी बदलतो?

कोल्हापुरात परसात, गच्चीवर किंवा उसाच्या बांधाला घेवडा लावणारे लोक पुढच्या सालासाठी मूठभर बी राखून ठेवतात. पांढरं बी पेरलं आणि शेंगा सोलल्यावर काळं निघालं, की बोल लागतो तो शेजारच्या वेलाला: यंदा दोन्ही जवळ लावले, म्हणून रंग मिसळला. त्या वेलाचा त्यात हात असूही शकतो, पण तो यंदाचा नव्हे.

दाणा रात्रभर भिजवा आणि सकाळी चिमटीत दाबा. साल सुटून येते. दाणा काळा असो, तांबडा असो की पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या, आतल्या डाळिंब्या फिकटच. रंग सगळा सालीत, आणि साल परागकणातून येत नाही. फुलातल्या बीजांडाच्या आवरणाचीच पुढे साल होते, म्हणजे ती निव्वळ आईच्या वेलाची. आतला गर्भ मात्र दोघांचा. बाळ नवं, पण अंगावरचं दुपटं आईच्या जुन्या लुगड्याचं, तसं हे.

म्हणून भुंग्याने यंदा परके पराग आणले तरी यंदाच्या बियांचा रंग हलत नाही. ते बी पेरून जो वेल येतो, त्याच्या शेंगांत बदल दिसतो, आणि त्या वेलाचं सगळं बी एकाच वाणाचं वाटतं. खरी फाटाफूट त्याच्याही पुढच्या पिढीत: एका वेलाला काळं, दुसऱ्याला तपकिरी, तिसऱ्याला पांढरं. वाटाण्यावरच्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी नावाजलेल्या ग्रेगोर मेंडेलने घेवड्याचाही असा संकर केला होता. फुलांत जांभळट तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत छटाच छटा निघाल्या. तेव्हा हा रंग दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांनी बनत असावा, असं त्याने 1866 च्या निबंधात मांडलं. ते खरं ठरलं. त्या घटकांना आज जनुकं म्हणतात, आणि रंगाच्या माहीत असलेल्या जनुकांपैकी 'पी' हा मुख्य. तो निकामी असला तर बाकीच्यांचं काही चालत नाही. फूलही पांढरं, बीही पांढरं.

घेवडा बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर फळतो, त्यामुळे असे संकर थोडेच. एकाच शेंगेत फिकट-गडद दाणे दिसले तर संकराचा संशय नको. पक्वतेचा फरक असतो. साठवणीत दाणे काळवंडतात तेही सालीतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन. ऊब, उजेड आणि दमटपणा असला की हे लवकर होतं.

हीच टॅनिनं ओल्या मातीत कामी येतात. पांढरं बी पाणी झटकन ओढतं आणि सहज कुजतं. रंगीत बी सावकाश भिजतं, बुरशीलाही जास्त दाद देत नाही. राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसाचा विचार केला तर अचानक निघालेलं काळं बी फेकणं मला पटत नाही. त्या वेलाचं बी वेगळ्या पुडीत बांधा, पुडीवर वर्ष लिहा आणि पुढच्या वर्षी निराळ्या ओळीत टोका.