प्लेट लावायची की फिक्स तार?

‘पोरीच्या दाताला तार लावली’ असं कुणी सांगितलं, तर मराठवाड्यात त्याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे प्रत्येक दातावर चिकटवलेले धातूचे बारीक ब्रॅकेट आणि त्यांच्या खाचेतून नेलेली तार. ही फिक्स तार, म्हणजेच ब्रेसेस. डॉक्टरच लावणार आणि डॉक्टरच काढणार. दुसरी म्हणजे टाळूला बसणारी गुलाबी प्लेट. तिची एक तार पुढच्या दातांवरून आडवी जाते आणि लेकरू ती स्वतः काढून ठेवू शकतं. तोंडात दोन्हीकडं तारच दिसते, म्हणून एक स्वस्त आणि एक महाग, एवढाच फरक आहे असं लोक धरून चालतात. ‘भावजयीच्या पोराचं प्लेटवर भागलं, मग आमच्याच पोराला एवढा खर्च कशाला?’ हा सवाल त्यातूनच येतो. सवाल रास्त आहे, पण दोन पोरांचे दात वेगळे असतात आणि या दोन वस्तूंचं कामही वेगळं आहे.

दात हलतो कसा, ते दोन्हीकडं सारखंच. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी पातळ थर असतो. दातावर हलका आणि टिकून राहणारा दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड शरीरातल्याच पेशी हळूहळू विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत येतं. याचा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जोर दुप्पट केला म्हणून दात दुप्पट वेगानं सरकत नाही. उलट जास्त दाबानं तिथला रक्तपुरवठा दबतो, दात अडून बसतो आणि ठणका लागतो तो वेगळाच. तेव्हा ‘डॉक्टर, जरा घट्ट आवळा, दहावीच्या आत उरकू’ हा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो दाब कुठं आणि कसा बसतो यानं. प्लेटची स्प्रिंग दाताच्या दिसणाऱ्या भागाला एकाच ठिकाणी टेकते. ओल्या मातीत रोवलेल्या खांबाला वरून ढकललं तर तो कलतो, जागेवरून सरकत नाही. दाताचंही तसंच होतं. वरचा भाग पुढं जातो आणि मुळाचं टोक किंचित उलट दिशेला जातं. आडवा फिरलेला दात सरळ करणं किंवा दात मुळासकट सरकवणं प्लेटला नीट जमत नाही.

ब्रॅकेटची करामत त्याच्या खाचेत आहे. ही खाच चौकोनी असते, बहुतेक ठिकाणी ०.०२२ इंचाची. सुरुवातीला तिच्यात निकेल-टायटॅनियमची बारीक गोल तार बसवतात. ती वाकड्यातिकड्या दातांवरून कशीही वळते आणि पुन्हा आपल्या मूळ आकारात यायला बघते. तसं करताना दातांना ओळीत ओढते. काही महिन्यांनी तिच्या जागी स्टीलची जाड, चौकोनी तार येते. तिच्या कडा खाचेत अडकतात, आणि मग तारेला दिलेला पीळ थेट मुळापर्यंत पोचतो. चौकोनी खाच आणि चौकोनी तार ही जोडी अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १९२० च्या दशकात आणली. आजच्या धातूच्या ब्रेसेसचा पाया अजून तोच आहे.

म्हणून प्लेट दुय्यम ठरते असं नाही. आठ-नऊ वर्षांचं लेकरू घ्या. वरचा पुढचा एकच पक्का दात खालच्या दाताच्या आत गेलाय, तोंड मिटताना दोन्ही एकमेकांवर आपटतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘राहू द्या, दुधाचे दात पडले की होईल सरळ.’ इथं थांबू नये. रोजच्या आपटण्यानं खालच्या दाताची हिरडी खाली सरकू शकते. अशा लेकराच्या प्लेटमध्ये आत गेलेल्या दाताच्या मागं झेड आकाराची छोटी स्प्रिंग असते, दाढांना धरायला तारेच्या कड्या असतात, आणि दाढांवर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो, म्हणजे तोंड मिटलं तरी तो दात मोकळा राहतो. दात नुसता पुढं कलवायचा असतो आणि त्याला जागा असते, त्यामुळं काही महिन्यांत काम होतं. वरचा जबडा अरुंद असेल तर प्लेटच्या मधोमध स्क्रू बसवतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी आईनं किंवा वडिलांनी किल्लीनं पाव फेरा द्यायचा. एवढ्यासाठी या वयात ब्रेसेसचा घाट घालायची सहसा गरज पडत नाही.

पण पंधरा वर्षांच्या पोरीचे दात दाटीनं एकावर एक चढलेत, सुळा वर उगवलाय, आणि खर्च वाचावा म्हणून तिला प्लेट दिली, हे माझ्या मते पैसे वाचवणं नव्हेच. दात थोडे कलून बरे दिसायला लागतात, पण मुळं जिथल्या तिथं राहतात आणि दाटीही पूर्ण सुटत नाही. अशा वेळी कधीकधी चार उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, काढून जागा करावी लागते आणि ती जागा मुळं सरळ ठेवून भरायची असते. ते काम फिक्स तारेचं. त्याला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात.

प्लेटची खरी अडचण शिस्तीची आहे. ती तोंडात असेल तेवढाच वेळ काम करते. डबा खाताना कागदात गुंडाळून ठेवलेली प्लेट कागदासकट कचऱ्यात जाते, ही तर नेहमीची कथा. ब्रेसेसमध्ये तशी पळवाट नाही, पण तिथं जपणूक जास्त. हुरडा खुशाल खा. ऊस दातानं सोलायचा नाही, बोरं आणि फुटाणे बंद. कडक भाकरी वरणात कुस्करून खावी, पेरू फोडी करून. ब्रॅकेटच्या भोवती अन्न साचून राहिलं तर तार काढल्यावर तिथं पांढरे डाग दिसतात आणि ते सहजी जात नाहीत. तेव्हा नेहमीच्या ब्रशबरोबर तारेखालून जाणारा बारीक ब्रशही हवाच.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथं वाढलेल्या पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसतात. अशा दातांवर ब्रॅकेट नीट धरत नाही, वारंवार सुटतं. गाव कोणतं आणि पाणी कुठलं, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. त्यांना चिकटवण्याची तयारी वेगळी करता येते.

तालुक्याच्या गावी ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा तज्ज्ञ डॉक्टर, बहुतेक महिन्यातून ठरलेल्या दिवशीच येतो. ब्रेसेसची भेट चार ते सहा आठवड्यांनी असते, तेव्हा एक तारीख चुकली की काम तेवढं लांबतं. मधेच तार गालाला टोचायला लागली तर तेवढ्यापुरतं मेण लावून भागतं, पण सुटलेलं ब्रॅकेट कोण बसवणार, हे आधीच विचारून ठेवा. खासगीत झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं वेळ जास्त जातो, खर्च मात्र बराच कमी.

खरा घोटाळा होतो तो ब्रेसेस निघाल्यावर. डॉक्टर पुन्हा एक प्लेट हातात ठेवतात आणि घरचे चमकतात: ‘दोन वर्षं तार लावून परत प्लेटच?’ हा रिटेनर. दिसायला प्लेटसारखाच, पण त्यात ढकलणारी स्प्रिंग नाही की फिरवायचा स्क्रू नाही. हिरडीतल्या तंतूंना नव्या जागेची सवय व्हायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर दात मागं ओढले जातात. त्यांना धरून ठेवणं एवढंच याचं काम. डॉक्टर सांगतील तसा आधी दिवसरात्र घालायचा, मग फक्त रात्री. गरम पाण्यात धुतला तर आकार बिघडतो, म्हणून साधं पाणीच वापरायचं. चार दिवस विसरून पुन्हा घालताना तो घट्ट लागला तर दात सरकायला लागलेत असं समजायचं आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.