तुंबा

तुंबा : वाळवलेल्या भोपळ्याचे, पाणी सोबत नेण्याचे भांडे. गडचिरोलीकडील गोंड-माडिया वस्त्यांत शेतावर वा जंगलात जाताना ते खांद्याला अडकवतात. पेजही त्यातूनच नेतात.

फळ दुध्या भोपळ्याचेच, बहुधा कडू वाणाचे. कोवळेपणी मध्ये दोरी आवळली की कंबर पडते. जून झाल्यावर देठाशी भोक पाडून पाणी भरतात, गर कुजला की बियांसह काडीने काढतात आणि वाळू-खडे घालून आतून घासतात. कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असल्याने धुण्यात हयगय चालत नाही.

या वेलीचे मूळ स्थान आफ्रिका, याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो प्रसाराचा. अमेरिकेतील सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या अवशेषांत हा भोपळा सापडतो. 2005 मधील जनुकीय अभ्यासाने तो आशियातून माणसांबरोबर गेल्याचे सुचवले; 2014 च्या अधिक विस्तृत अभ्यासात तेथील जुने भोपळे आफ्रिकी वाणांना जवळचे आढळले, म्हणजे फळे अटलांटिकवरून तरंगत गेली असावीत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भोपळ्याच्या ‘अलाबु’ या संस्कृत नावाची सांगड मलाय ‘लाबू’शी घालून काही अभ्यासक ते ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळातले मानतात, मेळघाटातील कोरकू भाषा याच कुळातली. ‘तुंब’ शब्दाबाबत मात्र इतक्या ठामपणे बोलणे धाडसाचे होईल.

मैदानी भागात हेच काम कापडी छागल व फिरकीचा तांब्या करत. आता बसस्थानकावर विकतची बाटली आणि लग्नात थंड पाण्याचे जार आले. सीलबंद पाण्याला भारतीय मानक 14543 आहे. सुट्या जारच्या पाण्याला ते लागू नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे 2,40,000 सूक्ष्म प्लास्टिककण मोजले गेले.

म्हणून घरून भांडे भरून नेणेच बरे. मात्र नळाला पाणी कुठले येते, हे आधी पाहावे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, पर्यायच नसल्यास 1.5. पाणी उकळून क्षार वा फ्लोराइड जात नाही. अशा गावांत बाटली घेणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे. तिथे धरणाच्या पाण्याची नळयोजना हवी. जलजीवन मिशनचे (2019) उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर आहे.

निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बाया हल्ली थंडपेयाची रिकामी बाटली घरच्या पाण्याने भरतात, तिला ओले गोणपाट गुंडाळतात आणि धुऱ्यावरच्या बाभळीच्या सावलीत टांगतात. गोणपाट सुकले की त्यावर पुन्हा पाणी शिंपडतात.