वारी झाली, आता परिक्रमा?

आषाढ सरला की आमच्या ऑफिसात कुणीतरी पायाचे फोड दाखवत सांगतंच, "वारी झाली एकदाची. आता नर्मदेची परिक्रमा." राजमाचीचा ट्रेक झाला, आता अलंग-मदन-कुलंग, असा एकूण सूर. दोन्हीकडे चालायचं आहे, दोन्हीकडे पाठीवर किंवा ट्रकात वळकटी आहे आणि परत आलेला माणूस दोन्हीकडून थोडा गप्प होऊन येतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण मी दिंडीबरोबर दोनदा पंढरपूरला गेलो आहे आणि ओंकारेश्वर ते राजपिपळा असा नर्मदेचा दक्षिण तट तीनेक आठवडे चाललो आहे. त्या जोरावर सांगतो, परिक्रमा म्हणजे लांबलेली वारी नाही.

साधा हिशेब आधी उरकू. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकाराम महाराजांची आदल्या दिवशी देहूहून. अंतर सुमारे २५० किलोमीटर, दिवस अठरा-वीस. नर्मदा अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहते. तिला पूर्ण वळसा घालायचा म्हणजे याच्या दुपटीहून जास्त चाल. परंपरेनं त्याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. हल्ली बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत करतात.

एक गंमत मात्र फार कुणी लक्षात घेत नाही. आषाढी एकादशीला वारकरी पंढरपुरात पोचतात आणि त्याच दिवशी चातुर्मास लागतो. नियम पाळणारा परिक्रमावासी तेव्हा नर्मदेकाठी असेल तिथे थांबतो. कार्तिकी एकादशीला इकडे पुन्हा वारी भरते आणि तो तिकडे पुन्हा चालू लागतो. पंचांग एकच.

आता माणसांकडे येऊ, कारण खरा फरक तिथे आहे.

वारीत तुम्ही एकटे नसताच. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली की जेवण, तंबू, सामानाचा ट्रक यांची काळजी दिंडी घेते आणि बदल्यात तुमचं 'मला वाटतं' काढून घेते. दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे किंवा रथामागे. त्या क्रमांकात टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. पहाटे तीनला टँकरच्या नळावर भांडण होतं आणि सहाला तेच दोघे शेजारी शेजारी टाळ वाजवत असतात. एकमेकांना हाक 'माऊली' अशीच. पहिल्या वर्षी मला तो निव्वळ शिष्टाचार वाटला होता. दुसऱ्या वर्षी कळलं की सतरा दिवस शेजारी चालणाऱ्याचं आडनाव मी विचारलंच नव्हतं.

वारीतलं एकच दृश्य निवडायचं तर मी रिंगण सोडून समाजआरती निवडीन. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो. कुणाला काय सापडलं, कुणाचं काय हरवलं, ते पुकारलं जातं. एका वर्षी एका म्हातारीचा चष्मा पुकारला होता. दुसऱ्या दिवसाचं सांगून झाल्यावर आरती. इतक्या मोठ्या गर्दीला स्वतःचं असं एक कामकाज आहे आणि त्या कामकाजात चष्म्यालाही जागा आहे, हे बघून मी पार हललो होतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या शिस्तीवर हा सोहळा अजून चालतो.

परिक्रमेत यातलं काहीच मिळत नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, तिला कुठेही ओलांडायचं नाही, एवढंच. उपनद्या ओलांडायच्या, नर्मदा नाही. समोरच्या काठावरचं देऊळ दगड मारला तर पोचेल इतकं जवळ दिसतं आणि तिथे पोचायला तुम्हाला महिने लागणार असतात. समुद्रापाशी विमलेश्वरहून नावेनं मिठी तलाईला जायचं, तेव्हा कुठे काठ बदलतो. आणि शेवटी निघालात तिथेच येता. वारीला पंढरपूर आहे, निदान कळसाचं दर्शन तरी आहे. परिक्रमेत 'पोचणं' हा प्रकारच नाही. उद्दिष्टं लिहून काढणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. मला गेलं.

संध्याकाळ झाली की आश्रमाच्या किंवा कुणाच्या ओसरीच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "नर्मदे हर." आतून प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?" म्हणजे किती जण. मग "आसन लगाइए." कुठे भोजनप्रसादी तयार असते, कुठे सदावर्त मिळतं. सदावर्त म्हणजे कणीक, डाळ, मीठ असा कोरडा शिधा, टिक्कड तुम्ही थापायचे. भिशी नाही, पावती नाही. खिशात एटीएम कार्ड असताना अनोळखी दारात उभं राहून मागणं किती अवघड असतं, ते पहिल्या तीन संध्याकाळी कळतं. मी तर एका घरासमोरून दोनदा पुढे गेलो होतो.

शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे सातपुड्यात, पूर्वी परिक्रमावासींना लुटायचे. लुटणाऱ्या भिल्लांना परिक्रमावासी 'मामा' म्हणत आणि नर्मदा मैयाच त्यांच्याकरवी आपला लोभ काढून घेते, असं मानत. आता तिथेच पाड्यापाड्यांवर जेवू घालतात. सरदार सरोवराच्या पाण्यात काठावरची जुनी वाट बुडाली, त्यामुळे चाल डोंगरावरून होते. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर एका बाईनं मला मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. ती पावरी बोलीत बोलत होती, मला काही कळत नव्हतं. मी ताट धुवायला उठलो तर तिनं ते हातातून काढून घेतलं. घरात दुसरं ताट दिसलं नाही.

आता 'स्वतःला शोधायला जायचंय' म्हणणाऱ्यांसाठी. शांतता हवी म्हणून वारीला जाऊ नका. तिथे लाउडस्पीकर आहे, रांगा आहेत, शेजारी घोरणारे सहा जण आहेत. विचार करायला सवडच नसते आणि वारीचा गुण मला तोच वाटतो. आधीच एकटं पडलेलं कुणी 'मोकळं व्हायला' परिक्रमेला निघालं असेल तर मी त्यांना आधी वारी सुचवीन. परिक्रमेत डोकं मोकळं होतं हे खरं, पण पहिले आठ-दहा दिवस ते ऑफिसातलीच भांडणं चघळतं. माझ्या अप्रेझलचा विषय बडवानीपर्यंत माझ्याबरोबर चालत आला होता.

आणि रजा नसेल तर? आळंदी ते पुणे एक दिवस पालखीबरोबर चाला किंवा चैत्रात गुजरातेत तिलकवाड्याजवळ, नर्मदा उत्तरेला वाहते तिथली, एका दिवसाची उत्तरवाहिनी परिक्रमा करा. दोन्हीकडे अलीकडे सेल्फीवाल्यांची गर्दी असते, तरी चव कळते. फक्त एका दिवसावर 'मी वारकरी' म्हणू नका. वारी म्हणजेच पुन्हा पुन्हा जाणं. वारकऱ्याला यंदा गेलास का असं कुणी विचारत नाही, चुकली का असं विचारतात.

माझी गेल्या वर्षी चुकली. वैशाखात दिंडीतून फोन आला होता, "भिशी धरू का?" मी बघतो म्हणालो आणि राहिलं. यंदा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं नाही. ट्रकात वळकटीची जागा धरली आहे, तेवढं सांगून ठेवून दिला.