डायोरामातला बर्फ आला कुठून?

डायोरामात, म्हणजे छोट्या मॉडेलांनी उभ्या केलेल्या देखाव्यात, बर्फ दाखवणं हे मॉडेलच्या छंदातलं सर्वांत अवघड काम आहे, असं माझं ठाम मत आहे. माती, गवत, दगड थोडे इकडेतिकडे झाले तरी खपून जातात. बर्फ फसला की सगळा देखावा पीठ सांडल्यासारखा दिसतो. त्यासाठी आज जे जिन्नस वापरतात, त्यांतले बरेचसे आधी सिनेमावाल्यांनी वापरून पाहिलेले आहेत.

चार्ली चॅप्लिनने १९२५ च्या ‘द गोल्ड रश’साठी स्टुडिओत बर्फाळ डोंगर उभे केले, ते प्लास्टर, मीठ आणि पिठाच्या जोरावर. कड्याच्या टोकावर डोलणाऱ्या झोपडीसाठी छोटं मॉडेलही वापरलं होतं. पुढे आला ॲस्बेस्टॉस, म्हणजे एक तंतुमय खनिज. कापूस पेट घेतो, हा घेत नाही, एवढ्या एका गुणावर तो अमेरिकेत नाताळच्या झाडांवर घरोघरी भुरभुरला गेला. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये फुलांच्या शेतावर पडतो तो बर्फही ॲस्बेस्टॉसचाच, असं सांगितलं जातं. त्याचे तंतू फुप्फुसांचा घात करतात. म्हणून तिकडची जुनी सजावट हाती आली, तर ती झटकू नये.

पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्सही सिनेमात सर्रास चालत. पण ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’साठी आग विझवण्याचा फेस आणि साबण यांचा आवाज न करणारा बर्फ तयार झाला. पुढे आरकेओ स्टुडिओच्या रसेल शिअरमन आणि त्यांच्या विभागाला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

मॉडेलवाल्यांच्या दृष्टीने खरा टप्पा १९८० चा. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधलं हॉथ या बर्फाळ ग्रहावरचं युद्ध छोट्या सेटवर चित्रित झालं. तिथला बर्फ होता बेकिंग सोडा आणि मायक्रोबलून, म्हणजे काचेचे डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे. हे मिश्रण शोभलं याचं कारण कणाच्या आकारात आहे. खरी हिमपाकळी साधारण ४ मिलिमीटरची धरली, तर १/३५ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मापात, ती जेमतेम ०.१ मिलिमीटर भरते. मीठ किंवा रवा त्या मापात खडीसारखा दिसणारच.

पण सिनेमाचा बर्फ शॉट संपेपर्यंत टिकला तरी पुरे. डायोरामा कपाटात वर्षानुवर्षं राहतो. सोड्याची गोम इथेच आहे. पाण्यात कालवलेल्या फेविकॉलवर तो भुरभुरला की थोडा विरघळतो, आणि वाळताना वर खरखरीत स्फटिक धरतो. कालांतराने पिवळटही पडतो. मिठाचं तर विचारूच नका. मुंबईच्या पावसाळ्यात ते ओल ओढतं आणि जवळची धातूची आकृती गंजवतं. डायपरमधली पाणी पिऊन फुगणारी पावडर पहिल्या दिवशी छान दिसते, पण पाणी उडालं की बसते.

म्हणून जाणकार मंडळी हळूहळू काचेकडे वळली. मायक्रोबलून, फेविकॉल, थोडं पाणी आणि पांढरा ॲक्रिलिक रंग यांची घट्टसर लापशी करून छपराच्या कडेला, चाकाच्या मागे, वारा जिथे बर्फ साठवेल तिथे जाडसर लावायची. सावलीच्या बाजूच्या लापशीत निळ्या रंगाचा एखादा ठिपका मिसळायचा. ओली असतानाच वर कोरडे मायक्रोबलून चहाच्या गाळणीतून चाळायचे, म्हणजे वरचा थर भुसभुशीत राहतो. चाळताना तोंडावर चांगला मास्क हवाच. ही भुकटी हवेत बराच वेळ तरंगते, म्हणून पंखाही बंद ठेवावा.